एमजीबीचे बुश आणि शेवटचा अर्धा फेरा

स्पीडब्रेकर ओलांडताना पुढच्या चाकापाशी एकच 'टक्'. ब्रेक दाबला की दुसरा. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरत बसावं लागतं आणि टायरची एक कड दुसरीच्या आधी गुळगुळीत होते. जुन्या एमजीबीत, म्हणजे या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत, ही लक्षणं एकत्र दिसली की गाडी आधी अलाइनमेंटवाल्याकडे जाते, मग शॉकअपवर आळ येतो आणि बुशांची (सांध्यांत बसवलेल्या रबरी नळकांड्यांची) आठवण सगळ्यात शेवटी होते. बडोद्यात तर हमखास. इथे गाडी वर्षातले आठ महिने आच्छादनाखाली झाकून असते, चालते ती हिवाळ्यात, आणि चाललेल्या किलोमीटरचा आकडा पाहून मालक म्हणतो, "गाडी तर फिरलीच नाहीये." रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत. ते उभ्या उभ्याही म्हातारं होतं: उन्हाने, हवेतल्या ओझोनने, वरून ठिबकणाऱ्या तेलाने आणि वर्षानुवर्षं एकाच जागी दबून राहिल्याने.

ज्यांनी ही गाडी खालून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात रचना. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली, इंजिन १७९८ सीसी. पुढे प्रत्येक चाकाला खाली दोन आर्म, एक पुढचा आणि एक मागचा. दोन्ही आर्म आतल्या टोकाला एका आडव्या पिनवर झुलतात, ती पिन क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) बोल्टने पक्की असते. दोन आर्मांच्या मधे स्प्रिंगची थाळी, तिच्यावर कॉइल स्प्रिंग. वर मात्र वेगळा आर्म नाहीच. तेलाच्या लीव्हर शॉकअपचा हातच वरच्या आर्मचं काम करतो आणि किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिनचं) डोकं त्याला ट्रनियनने (फिरत्या सांध्याने) जोडलेलं असतं. मागे साधे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). म्हणजे बुश चार प्रकारच्या जागी: खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला, वरच्या ट्रनियनमध्ये, अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) असेल तर त्याच्या पकडीत, आणि मागे पाट्याच्या दोन्ही टोकांना.

तपासणी हाताने आणि पहारीने करायची, डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. तरी खालच्या आर्मच्या बाबतीत डोळाही पुष्कळ सांगतो. आर्मच्या टोकाला कॅसल नट (स्प्लिट पिनसाठी खाचा असलेला) आणि मोठा वायसर दिसतो. पिन आर्मच्या डोळ्याच्या (टोकाच्या भोकाच्या) बरोबर मध्यावर आहे का, एवढंच पाहा. वरच्या बाजूला रबर पातळ, खालच्या बाजूला जाड आणि वायसरच्या कडेने रबर अळंबीसारखं फुगून बाहेर आलेलं दिसलं, तर पुढची चाचणी न करता बुश मागवा. ते फुगलेलं रबर नखाने खरवडलं की काळा भुगा हाताला लागतो. चांगलं रबर असं सुटत नाही. मग आर्म आणि क्रॉसमेंबर यांच्या मधे पहार घालून पुढे-मागे रेटा. किंचित लवचीकपणा हवाच, पण लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला की रबर संपलंय.

वरच्या ट्रनियनसाठी जॅक थाळीखाली लावा, म्हणजे स्प्रिंग दबलेली राहील आणि चाक जमिनीपासून बोटभर उचललं जाईल. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर ट्रनियन किंवा किंगपिन. त्या दोघांतला फरक बोटाने कळतो: एक बोट ट्रनियन आणि शॉकअपच्या हाताच्या सांध्यावर ठेवा, कुठला भाग कशावर सरकतोय ते लगेच लक्षात येतं.

मागच्या पाट्यांची खूण वेगळी. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना आणि अॅक्सिलरेटर अचानक सोडताना मागून 'धप्' असा बोथट आवाज आला तर पुढच्या डोळ्यातला बुश गेलाय. एक्सल पुढे-मागे ढकलला जातो, त्याचा तो आवाज. पुष्कळ लोक तो प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा समजून क्रॉस बदलतात. नवा क्रॉस, तोच आवाज.

आता कोणता बुश घ्यायचा. इथे बाजारात आणि दुकानांच्या पानांवर सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून थोडं थांबून.

मूळ चार सिलिंडरच्या गाडीत खालच्या आर्ममध्ये नुसत्या रबराचे दोन अर्धे बुश असत, दोन्ही बाजूंनी ढकललेले, गाडीभर मिळून आठ. त्यांना धातूची बाही नाही. १९७३ ते १९७६ मध्ये ३५२८ सीसीची एमजीबी जीटी व्ही-एट निघाली. तिच्यात या जागी एकसंध बुश आले: बाहेर धातूची बाही, आत धातूची बाही, मधे दोन्हींना चिकटवलेलं रबर. ते चार सिलिंडरच्या आर्ममध्येही बसतात, प्रत्येक आर्मला एक, गाडीला चार. आमचं मत सरळ आहे: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला खाली व्ही-एटचेच बुश बसवा. किंमत फार वेगळी नाही आणि टिकण्यात बराच फरक पडतो.

पॉलियुरेथेन सगळीकडे भरायची हौस असते, विशेषतः लाल-निळे रंग पाहून. पॉलीचा बुश पिनवर घसरतो, रबराचा बुश पिनला धरून पिळला जातो. दोघांच्या कामाची तऱ्हाच वेगळी. पॉलीला पिन गुळगुळीत हवी, सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस हवं आणि धूळ नको. एप्रिल-मेमध्ये बडोद्याच्या धुळीत खालच्या आर्मचे पॉली बुश काही महिन्यांत चरचरू लागतात, कारण ग्रीसला चिकटलेली धूळ कानशीसारखी पिन घासते. वरच्या ट्रनियनमध्ये मात्र पॉली जरूर लावा. तिथलं रबर मुख्यतः शॉकअपच्या गळक्या सीलमधून उतरणाऱ्या तेलाने मरतं. नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं आणि लगद्यासारखं होतं. पॉलीला त्या तेलाचं काही वाटत नाही. अर्थात शॉकअप गळत असेल तर त्याचाही बंदोबस्त करा. बुश नवा आणि शॉकअप गळका, यात काही अर्थ नाही.

तिसरा पर्याय मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) दहा मिनिटांत तयार होतो: लेथवर खरादलेला नायलॉनचा बुश. दिसायला सुरेख. पण नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतं. चैत्रात मापात बसलेला बुश श्रावणात पिन जखडून टाकतो, आणि त्याला लवचीकपणा नसल्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट क्रॉसमेंबरपर्यंत जातो. लेथवाल्याची मदत जरूर घ्या, पण ती बुश ठोकायच्या हत्याराची. त्याबद्दल पुढे.

सामानाची यादी करताना लोक छोट्या गोष्टी विसरतात आणि मग रविवारी दुपारी काम अडतं. खालचे बुश ४, वरच्या ट्रनियनचे ४, अँटी-रोल बारच्या पकडीचे २, पाट्याच्या पुढच्या डोळ्याचे २, मागच्या शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक टांगणाऱ्या दुव्याचे) अर्धे बुश ८, पाटा आणि एक्सल यांच्या मधले रबरी पॅड ४. स्प्लिट पिन पुढे आठ लागतात: आतल्या पिनच्या टोकांना चार, वरच्या ट्रनियनला दोन, खालच्याला (किंगपिनच्या तळाशी, आर्मांच्या बाहेरच्या टोकाला) दोन. वीस आणा. जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा घालू नका, वाकलेली तार परत वाकवली की तुटते. आतल्या पिनचे कॅसल नट आणि पाट्याचे यू-बोल्ट गंजलेले असतील तर तेही नवे घ्या. आणि आतली पिनच झिजली असेल तर? बुशाच्या जागी बोट फिरवा. नख अडकेल एवढी पायरी लागली तर पिन बदला. वेल्डिंगने भरून लेथवर परत खरादायचा उपाय इथे कोणीही सुचवेल. या पिनवर अख्ख्या गाडीचं पुढचं वजन झुलतं, तिथे वेल्डिंगची उष्णता खाल्लेलं पोलाद नको.

पाने सगळे इंची लागतात. या गाडीचे आटे यूएनएफचे (बारीक इंची मापाचे), नटांची डोकी इंचाच्या अपूर्णांकांची. मिलिमीटरचा पाना 'जवळपास बसतो' आणि गंजलेल्या नटाचे कोपरे पहिल्या झटक्यात गोल करतो. दोन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात उभी राहिलेली किंवा अलकापुरीच्या गरनाळ्यातल्या (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यातल्या) पाण्यातून गेलेली गाडी असेल तर आठवडा धरा. पुराचा बारीक गाळ आर्मच्या डोळ्यात वायसरच्या मागे जाऊन बसतो, वाळून सिमेंटसारखा होतो आणि रबराखालची पिन आतून खातो. बाहेरून काहीच दिसत नाही.

गाडी उचलण्याआधी एक माप घ्या, कागदावर लिहा: चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर, चारही चाकांचं. गाडी सपाट जमिनीवर, टायरची हवा बरोबर, डिकीतलं सामान बाहेर. हे माप शेवटी लागणार आहे, आणि गाडी सुटी झाल्यावर ते परत मिळत नाही.

पुढची बाजू उचलून घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चॅसिसच्या पट्ट्यांखाली लावा, क्रॉसमेंबरच्या मागे. थाळी आणि आर्म मोकळे राहिले पाहिजेत. चाक काढा, अँटी-रोल बारची लिंक सोडवा, स्टिअरिंगचा टाय-रॉड एंड सोडवा. आता जॅक थाळीच्या मधोमध लावून एवढाच चढवा की वरच्या शॉकअपच्या हातावरचा ताण उतरेल. गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास, म्हणजे पुढच्या एका चाकावर साधारण २५० किलो. स्प्रिंग आर्मच्या मधल्या भागात असल्यामुळे तिच्यावरचा दाब त्याहून बराच जास्त. जॅक सरकला तर ती स्प्रिंग विचार करायला वेळ देत नाही. जॅक सपाट फरशीवर हवा, त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा, आणि सुरक्षेसाठी स्प्रिंगमधून एक साखळी क्रॉसमेंबरला बांधून ठेवा. समोर कोणी उभं राहायचं नाही.

वरच्या ट्रनियनचा बोल्ट काढायचा. तो सहज निघाला नाही तर शॉकअपच्या हाताचा क्लॅम्प बोल्ट सैल करा, म्हणजे दोन हात किंचित फाकवता येतात आणि ट्रनियन सुटतो. हे न करता हातोडा मारणारे शॉकअपच्या आतली शाफ्ट वाकवतात. ट्रनियन सुटला की हब बाहेरच्या बाजूला झुकतो. ब्रेकच्या होजवर त्याचं वजन येऊ देऊ नका, तारेने वर बांधा. मग जॅक सावकाश, अगदी इंच-इंच खाली. स्प्रिंग मोकळी झाली की हाताने निघते. तिच्या कोणत्या टोकाला वरचं टोक होतं ते खडूने लिहा, आणि वरचा रबरी पॅड हरवू नका.

यानंतर खालच्या ट्रनियनचा बोल्ट, थाळीचे बोल्ट, शेवटी आतल्या पिनच्या टोकांचे कॅसल नट. आर्म पिनवरून बाहेर सरकतात. चिकटले असतील तर आर्मच्या पसरट भागावर हातोडा मारू नका, तो दाबलेल्या पत्र्याचा आहे, वाकतो. डोळ्याच्या अगदी जवळ, पितळी दांडा ठेवून ठोका. पुढचा आणि मागचा, डावा आणि उजवा आर्म ओळखायला सेंटर पंचचे ठिपके मारून ठेवा: एक, दोन, तीन, चार.

आर्म धुऊन उघडा करा आणि डोळ्याभोवती भेगा शोधा. रॉकेलने पुसून त्यावर खडू चोळा, भेग असेल तर काही वेळात तेलाची बारीक रेघ उमटते. डोळ्याच्या आत गंजाचे खवले असतील तर पॉलिश पेपरने साफ करा, पण मापाला हात लावू नका. पेपर फार फिरवला की बुश सैल बसतो आणि मग तो बाहीसकट फिरू लागतो.

आता व्ही-एटचे बुश दाबायचे. लेथवाल्याकडून दोन तुकडे करून घ्या: एक ढकलणारा, त्याचा बाहेरचा व्यास बुशाच्या बाहेरच्या बाहीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी; दुसरा पोकळ, बुश आत जाऊ शकेल एवढा मोठा, डोळ्याच्या पाठीमागे टेकवायला. ढकलणाऱ्याचा दाब फक्त बाहेरच्या बाहीवर यायला हवा. आतल्या बाहीवर किंवा रबरावर दाब दिला की रबर धातूपासून फाटतं. ते तेव्हा दिसत नाही, दोन महिन्यांनी 'टक्' होऊन कळतं. इथे कॉम्प्रेसरवाले आणि बेअरिंगवाले दोघेही उत्साहाने प्रेस चालवतात, म्हणून स्वतः उभं राहा आणि म्हणा, "भाई, कडेवर दाब, मधे नको." मोठा व्हाइस असेल तर घरीच होतं. डोळ्याच्या कडेला कानशीने बारीक उतार द्या, बाहीवर किंचित साबणाचं पाणी, आणि बुश रात्रभर फ्रीझरमध्ये. वाकडा जातोय असं वाटलं की लगेच थांबा, बाहेर काढा, पुन्हा सरळ सुरुवात करा. बुश दोन्ही बाजूंनी सारखा बाहेर दिसला पाहिजे. रबरी बुश कधीही खनिज ग्रीस लावून बसवू नका. फारच अडलं तर ब्रेकच्या रबराला चालणारं लाल ग्रीस, तेही नखभर.

परत बसवताना क्रम उलटा, पण दोन गोष्टींची घाई नको. थाळीचे बोल्ट हाताने घट्ट करून तसेच ठेवा, दोन्ही आर्म पिनवर आणि खालच्या ट्रनियनवर रांगेत बसल्यावरच ते पक्के करा. आधी पक्के केले तर आर्म तिरके राहतात आणि नवे बुश पहिल्या दिवसापासून कडेला दबतात. किंगपिनच्या प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, तिन्हीत ताजं ग्रीस मारा. हे करायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आतल्या पिनचे कॅसल नट. ते आत्ता फक्त बोटभर ताकदीने फिरवून ठेवा. चाक हवेत लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हा नट घट्ट केला की आतली बाही वायसर आणि पिनच्या खांद्यामधे चेपून त्याच कोनात पक्की होते. मग गाडी खाली ठेवली की आर्म वर येतो आणि रबर आयुष्यभर पिळलेल्या अवस्थेत राहतं. त्याचा परिणाम तिहेरी: गाडीची पुढची बाजू मापापेक्षा किंचित उंच उभी राहते, स्प्रिंगच्या जोडीला रबरही स्प्रिंगसारखं वागतं म्हणून गाडी कडक वाटते, आणि वर जाणाऱ्या प्रत्येक धक्क्यात रबर आणखी पिळलं जाऊन काही हजार किलोमीटरांतच फाटतं. 'नवे बुश टिकलेच नाहीत' अशा तक्रारींमागे रबराचा दर्जा क्वचितच असतो. नट हवेत आवळलेले असतात. हाच दोष मागच्या पाट्याच्या पुढच्या बोल्टलाही लागू.

म्हणून गाडी चाकांवर उतरवा, गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या सपाट खड्ड्यावर किंवा चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या जाड लाकडी फळ्या ठेवून. विटा नकोत, त्या दाबाने फुटतात. गाडी पुढून-मागून चार-पाच वेळा दाबून सोडा, थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे टायर पसरून बसतील. आधी लिहिलेलं माप जुळतंय का पाहा. मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला नट आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या भोकापर्यंत पुढे न्या. मागे सैल करून जुळवणं नाही. हा शेवटचा अर्धा फेरा गाडीखाली आडवं पडून, कोपर घासत घालावा लागतो, म्हणूनच बहुतेक ठिकाणी तो आधी घातला जातो.

मागे काम सोपं, पण चिवट. एक्सल जॅकवर तोला, गाडी घोड्यांवर, यू-बोल्ट आणि शॉकअपची लिंक सोडवा. पुढच्या डोळ्याचा बोल्ट बुशाच्या आतल्या बाहीत गंजून एक झालेला असतो. तो ठोकून आटे बिघडवण्यापेक्षा बोल्ट बुशाच्या दोन्ही बाजूंना हॅक्सॉने कापून टाकणं शहाणपणाचं. नवा बोल्ट घ्यायचाच आहे. जुना बुश काढताना रबर ड्रिलने पोखरा, आतली बाही निघेल. बाहेरच्या बाहीत हॅक्सॉचं पातं आत घालून एकच उभी चीर द्या, डोळ्याच्या पाट्याला न लागू देता, मग छिन्नीने ती आत दुमडा. गॅसचा बर्नर लावून रबर जाळायची पद्धत इथे सर्रास आहे. या गाडीत पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखाली, शॅकलच्या शेजारीच. त्यामुळे पाटा गाडीवर असताना आग जवळही नको, आणि उतरवलेल्या पाट्यालाही नको, कारण तापवलेल्या पोलादाचा कडकपणा जातो. शॅकलचे अर्धे बुश हाताने बसतात. त्यांचे नटही गाडी चाकांवर उतरल्यावरच शेवटचे.

बुश बदलले की चाकांचा कोन बदलतोच. कॅम्बर (चाकाचा उभा कल) या गाडीत फिरवून जुळवता येत नाही, फक्त टो (चाकं पुढून किती आत वळलेली ते) जुळवता येतो: पुढून १/१६ ते ३/३२ इंच आत, म्हणजे साधारण दीड ते अडीच मिलिमीटरच्या मधे. अलाइनमेंटच्या दुकानातल्या संगणकाच्या यादीत एमजीबी सापडेलच असं नाही, हा आकडा चिठ्ठीवर लिहून न्या. तारांची चाकं असतील तर मशीनचे पंजे रिमवर नीट धरत नाहीत. तेव्हा मागच्या चाकांपासून दोन्ही बाजूंना दोरा ताणून पट्टीने मोजलेला टो जास्त विश्वासाचा. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्टचे नट पुन्हा तपासा, रबरी पॅड बसले की ते हमखास सैल होतात. टो तेव्हाच परत मोजा, आणि आर्मच्या टोकाकडे टॉर्च मारून पाहा: पिन डोळ्याच्या मध्यावर आहे ना.